पायाशी बसणाऱ्या आपा

शमीम आपांचे पाय मी पहिल्यांदा नीट पाहिले ते हॉस्पिटलात. चादर आखूड होती की त्यांनीच उकडतंय म्हणून वर ओढून घेतली होती कोण जाणे, पण दोन्ही पावलं बाहेर आली होती आणि इतकी सुजली होती की बोटं एकमेकांना चिकटून बसली होती. उशाशी त्यांचा भाचा बसला होता, त्यामुळे मला उभं राहायला पलंगाच्या पायाशीच जागा होती. अशा वेळी काय बोलायचं ते मला कधीच सुचत नाही. मी सांगितलं, वर्गातला पंखा पुन्हा आवाज करायला लागलाय. आपा हसल्या. "भाऊ, तुम्ही आहात तोवर पंखा फिरणार," म्हणाल्या. मग दम खात खात, "निकिताचा शनिवार येतोय. विसरू नका हां…" एवढंच. ती पावलं गार पडली असतील असं मला वाटत होतं. चादर ओढावी, निदान हात लावून बघावं… पण हात पुढे गेला नाही. परक्या बाईच्या पायांना हात कसा लावायचा? नर्सनं वेळ संपल्याचं सांगितलं आणि मी बाहेर आलो. त्याच आठवड्यात एका दुपारी भाच्याचा फोन आला. मी तेव्हा खरंच पंख्याखाली स्टूल ठेवून त्यावर उभा होतो. "देवरे चाचा, खाला नहीं रही," तो म्हणाला. मी खाली उतरलो आणि त्याच स्टुलावर बसलो. ते स्टूल आपांचं होतं.

सातपूरच्या कामगार वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांना संस्था म्हणायचं ते आपांमुळे. एका खोलीत रोज संध्याकाळी मुलांचा अभ्यास, दुसरीत दर शनिवारी दवाखाना. आपा महापालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आणि घरी बसून करमेना म्हणून हे सुरू केलं, असं त्या सांगायच्या. ते खरं नव्हतं. घरी करमायला त्यांना भाचेकंपनी होती, पानाचा डबा होता, दुपारची झोप होती. पण शिकवलेली मुलं मधेच शाळेतून गायब होतात, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण घरातलं कुणाचं तरी आजारपण असतं, हे त्यांनी नोकरीभर पाहिलं होतं. ते त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. मी तिथे गेलो तो कंपनीतून निवृत्त झाल्यावर, कुणीतरी पंखा बघायला बोलावलं म्हणून. पंखा दुरुस्त झाला. उतरतोय तोच आपांनी हातात खडू दिला. "भाऊ, मशीनवर काम केलंय ना, मग अपूर्णांक येत असतील. जरा समजवा ना ह्यांना." आलो होतो पंख्यासाठी, अडकलो अपूर्णांकांत, तो अजून सुटलेलो नाही.

आपांची एक सवय सुरुवातीला मला फार विचित्र वाटायची. मुलं आली की त्या आधी मुलांकडे बघत नसत, दाराबाहेर काढलेल्या चपलांकडे बघत. त्यांची बसायची जागाही अशी की उंबऱ्यापलीकडचं सगळं दिसावं. एखादी मुलगी आईच्या चपला घालून आली, तर आई आज कामाला गेलेली नाही, म्हणजे एक तर आजारी आहे नाहीतर काम सुटलंय. दोन भावांपैकी आज एक आला, उद्या दुसरा, आणि चपला त्याच… म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आपा कधी कुणाला विचारत नसत, "तुमच्याकडे काय अडचण आहे?" असं विचारलं की माणूस ताठ होतो, काही नाही म्हणतो. त्या नुसत्या संध्याकाळी सहज गेल्यासारख्या त्या घरी जाऊन बसायच्या. मी चिडवायचो, "आपा, तुम्ही मागच्या जन्मी चांभार होतात." त्या म्हणायच्या, "आमच्यात मागचा जन्म नसतो भाऊ. जे काय ते ह्याच जन्मात करायचं."

निकिताही अशीच सापडली. मंगलची मुलगी. मंगल चार घरची धुणीभांडी करायची, नवरा एका कारखान्यात कंत्राटी कामगार. नऊ-दहा वर्षांची ही पोर चप्पल एका पायात घालायची आणि दुसरी हातात घेऊन यायची. आपांनी पाहिलं, तिचा घोटा सुजलेला होता. पुढच्या आठवड्यात गुडघा सुजला. घरचे म्हणत होते, खेळताना पडली असेल. शनिवारच्या डॉक्टर मॅडमनी तपासलं, मोठ्या दवाखान्यात पाठवलं, आणि कळलं की घसा दुखून येऊन गेलेल्या तापानं तिच्या हृदयाची एक झडप खराब केली होती. पुन्हा तो ताप येऊ द्यायचा नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन, तेही कितीतरी वर्षं. औषध घट्ट असतं, कमरेत देतात आणि फार दुखतं. पहिल्या वेळी निकितानं सिस्टरच्या हातावर लाथ मारली. दुसऱ्या वेळी ती दवाखान्याच्या पायरीवरूनच पळाली. तिसऱ्या वेळी आपांनी आपलं स्टूल उचललं, खाटेच्या पायाशी ठेवलं आणि बसल्या. खाटेभोवतीचा पडदा जरा तोकडाच आहे, त्यामुळे पालथं झोपलेल्या मुलीची पावलं तेवढी बाहेर येतात. आपांनी तिचे दोन्ही तळवे हातात धरले आणि म्हणाल्या, "घरापासून इथपर्यंतची दुकानं सांग बेटा." निकिता सांगत गेली, पिठाची गिरणी, मोबाईलवाला, मटणवाला… मटणवाल्याजवळ किंचाळली, पण पळाली नाही.

त्यानंतर ती रीतच पडली. निकिताचा शनिवार म्हणजे आपांचं स्टूल पडद्याशी. मला ते काही पटत नव्हतं. म्हटलं, "आपा, मोठ्यानं लहानाचे पाय धरायचे, ही उलटी गंगा झाली." त्या म्हणाल्या, "डोक्यावर हात तर सगळेच ठेवतात हो. पण पोरांची घबराहट पायात असते. पळून जाणार ते पायच ना?" मग माझ्याकडे बघून, "एकदा तुम्ही धरून बघा." मी म्हटलं, हे काम माझं नाही. मी आपला अपूर्णांकांत बरा.

पुढे निकिताच्या बापाचं काम सुटलं आणि ते कुटुंब घोटीला गेलं, त्याच्या भावाकडे. तिथे भाताच्या गिरणीत काम मिळालं. सगळ्यांना वाटलं, आता ही पोर हातची गेली. आपांना तसं वाटलं नाही. तिकडच्या दवाखान्यात सोय होईल, असं मॅडमनी सुचवलं होतं. आपा निकिताला घेऊन तिथेही गेल्या, पण पोर दारातून आत जाईना. मग आपाच निकिताच्या शनिवारी सकाळी एसटीनं घोटीला जायच्या, तिला घेऊन सातपूरला यायच्या आणि मंगल कामं उरकून संध्याकाळी यायची नि तिला परत न्यायची. दुकानांच्या जागी आता स्टॉप आले. मुंढेगाव, गोंदे, वाडीवऱ्हे, विल्होळी… निकिता पडद्याआडून म्हणायची आणि आपा पायाशी बसून विचारायच्या, "आता कुठं आली गाडी?" ह्याच दिवसांत आपांच्या पायातल्या चामड्याच्या सँडल गेल्या आणि पुरुषी मापाच्या रबरी चपला आल्या. आम्ही सगळ्यांनी पाहिल्या. मी तर थट्टाही केली, "भाच्याच्या पळवल्या वाटतं!" त्या म्हणाल्या, "हलक्या असतात, एसटीत बऱ्या." अख्ख्या वस्तीच्या चपला बघून घरातलं दुखणं ओळखणारी ही बाई, आणि तिच्या चपला का बदलल्या हे तिच्या तालमीत तयार झालेल्या आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. किडन्या कधीपासून जात होत्या, पाय कधीपासून सुजत होते, ते त्यांना ठाऊक होतं. दर शनिवारी शेजारच्या खोलीत डॉक्टर असताना त्यांनी ते सांगितलं नाही. मला अजून त्यांचा राग येतो. दुःख होतंच, पण राग जास्त येतो.

जनाज्याला मी खांदा दिला. माझ्या उंचीचा कुणी समोरच्या बाजूला नव्हता, त्यामुळे भार माझ्याच खांद्यावर येत होता आणि तो इतका कमी कसा, हेच मनात येत राहिलं. वस्तीतल्या बायका कब्रस्तानाच्या रस्त्याच्या वळणापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. घोटीहून आलेली मंगल त्यांच्यात होती. निकिता नव्हती. त्या शनिवारी दवाखाना बंद राहिला आणि तो नेमका निकिताचा शनिवार होता.

पुढच्या शनिवारी दवाखाना उघडला, पण ती आली नाही. मी मंगलला फोन केला. "सर, पोरगी ऐकतच नाय," ती म्हणाली. "आपा नाय तर सुई नाय म्हणती. लय समजावलं." डॉक्टर मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "एका वेळेनं लगेच काही होईलच असं नाही. पण ताप परत आला तर त्या झडपेची खात्री मी देणार नाही." दोन दिवस मी स्वतःची समजूत घालत बसलो, की माझं वय झालंय, हे संस्थेतल्या दुसऱ्या कुणी बघावं. मग एका सकाळी एसटीत बसलो. आपा इतक्या वेळा ह्या रस्त्यानं, त्या सुजलेल्या पायांनी कशा गेल्या असतील, हे वाडीवऱ्ह्याच्या आसपास मनात आलं आणि पुढचा रस्ता मला नीट दिसलाच नाही.

मंगलनं दारातच सांगितलं, निकिता शाळेत गेलीय. मी उंबऱ्याकडे पाहिलं. मंगलच्या चपलांशेजारी निकिताच्या निळ्या चपला होत्या. मी मोठ्यानं म्हटलं, "बरं, शाळेत असेल तर हरकत नाही. मी आपला चहा घेतो आणि शाळा सुटेपर्यंत बसतो." चहा झाला. तरी मी बसून राहिलो. शेवटी आतल्या दाराआडून ती आली. वाळली होती. मी तिला झडपेबद्दल सांगायचं ठरवून गेलो होतो, मॅडमनी काय काय सांगायचं ते शिकवून ठेवलं होतं. ते सुरू करायच्या आत तीच म्हणाली, "सर, माझे पाय कोन धरनार?" मी म्हटलं, सिस्टर आहे, तुझी आई आहे… तिनं मान हलवली. "आई रडती. सिस्टर सुई देती." मग भिंतीकडे बघत, "तुम्ही धराल का?"

शनिवारी त्या दोघी आल्या. खाटेभोवती पडदा ओढला गेला. मी वर्गातून आपांचं स्टूल आणलं, पडद्याशी ठेवलं आणि बसलो. समोर दोन पावलं बाहेर आली, काळपट टाचांची, एका अंगठ्याला जुनी ठेच लागलेली. हॉस्पिटलातली ती दुसरी दोन पावलं माझ्या डोळ्यांपुढे आली आणि क्षणभर मला उठून जावंसं वाटलं. आतून सिस्टर म्हणाली, "सर, धरलंत का?" मी पाय धरले. गार होते. कंपनीतल्या लेथ मशीनच्या कामानं माझे हात खरबरीत झालेत, ते तिला टोचत असतील अशी मला भीती वाटत होती. "घोटी सुटली," मी म्हटलं. पडद्याआडून आलं, "मुंढेगाव… गोंदे…" गोंद्याला पाय एकदम ताठ झाले, झटका बसला. मी सोडले नाहीत. "आता कुठं आली गाडी?" वाडीवऱ्हे यायला वेळ लागला. विल्होळी तर रडण्यातच गेली. पण सातपूर आलं.

बाहेर आल्यावर तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे जरा रागानंच पाहिलं. "सर, तुम्ही लय घट्ट धरता. आपा हळू धरायच्या."

आपा कशा धरायच्या, हे मला माहीत नव्हतं. ते आता फक्त त्या मुलीच्या तळव्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, "पुढच्या वेळी हळू धरीन." तिनं थोडा विचार केला, बरं म्हणाली, आणि लंगडत लंगडत दाराशी चपला घालायला गेली.