कोमलची कविता आणि साहेबांचा चहा

मंडळी, संताप आवरत नाही म्हणून लिहितेय. मी वेल्हे तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. आज तपासणीला साहेब आले होते.

आठवीतली कोमल वरच्या धनगरवाड्यातून येते. वाचताना अडखळते. पण रोज मधल्या सुट्टीत माझ्यापाशी बसून ती एक इंग्रजी कविता वाचायला शिकली, अर्थासकट. आज ती साहेबांसमोर वाचणार होती.

साहेबांची गाडी दिसली आणि मुख्याध्यापक वर्गात आले. "कोमल, तू चहाकडं बघ गं."

"सर, ती वाचणार आहे," मी म्हणाले.

"बाई, ती अडखळली तर शाळेची लाज जाईल. हुशार पोरं पुढं बसवा."

मग पहिल्या बाकावरच्या मुलानं तीच कविता घडाघडा म्हटली. अर्थ कुणी विचारलाच नाही. तो म्हणत असतानाच कोमल चहाचा ट्रे घेऊन आली आणि दारातच थांबली. तिचे ओठ कवितेबरोबर हलत होते.

"थांबलीस काय? चहा गार होतोय," सर म्हणाले.

मला इंग्रजी वडिलांनी घरीच शिकवलं. मी अडखळले की ते वाट बघायचे. त्यांनी मला तेव्हा चहा करायला पाठवलं असतं तर?

साहेब गेल्यावर मी सरांशी भांडले. नोकरी अजून कायम नाही, तरी भांडले.

शाळा सुटताना कोमलनं विचारलं, "बाई, पुढल्या बारीला तरी मला वर्गात बसू देत्याल का?"

शिक्षकांनो, खरं सांगा. तुमच्या शाळेत साहेब येतात तेव्हा चहा कुणाच्या हाती देता?