अभिप्रायाच्या वहीतलं पान

त्या संगीत नाटकाबरोबर एक जाड वही गावोगाव फिरायची. प्रयोग संपला की ती नाट्यगृहाच्या दाराशी टेबलावर ठेवायची आणि प्रेक्षकांनी तिच्यात अभिप्राय लिहायचा. काशीचा प्रयोग आमच्या मराठी मंडळानं ठेवला होता. मी मंडळाचा चिटणीस, म्हणजे सतरंज्या घालण्यापासून पाहुण्यांना स्टेशनवर पोचवण्यापर्यंत सगळ्याचा धनी. वहीही माझ्याच ताब्यात आली.

दुपारी प्रयोगाआधी मी ती चाळली आणि मला हसूच फुटलं. नाटक एकच, पण प्रत्येक गावाचं डोकं वेगळं. पुणेकरांनी पदांचं तोंडभर कौतुक करून शेवटी खुर्च्यांची तक्रार लिहिली होती. नागपूरकर म्हणत होते, गाणी कमी करा, विनोदी प्रवेश वाढवा. इंदूरच्या मंडळींचं नेमकं उलटं, आणखी चार पदं असती तरी आम्ही उठलो नसतो. ग्वाल्हेरच्या एका गृहस्थांनी तर एका तानेवर दीड पान खर्च केलं होतं. मी मनात म्हटलं, आता आमची काशी काय दिवे लावते बघू.

नाटकात आईचं काम करणाऱ्या ताई मूळच्या इथल्याच, काशीतल्या रामघाटच्या. विशीत घर सोडून नाटकात गेल्या. थोरले भाऊ वेदपाठशाळेतले गुरुजी, त्यांनी तेव्हापासून बोलणं टाकलं. पंचवीस वर्षं. प्रयोगाआधी ताई मला म्हणाल्या, "दादाला पास पाठवलाय. येईल असं वाटत नाही. पण आला आणि वहीत दोन ओळी जरी लिहिल्या, तर मी उद्या सकाळी घरी जाईन. नाहीतर आजच रात्रीच्या गाडीनं सगळ्यांबरोबर निघेन."

गुरुजी आले. शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले. नाटक रंगलं, पण टाळ्या बेताच्याच. आमच्याकडे लोक मान डोलावतात, 'वन्स मोअर' ओरडायचं कुणाला सुचत नाही. दुसऱ्या अंकात ताईंनी संध्याकाळचं स्तोत्र म्हटलं तेव्हा तर कुणी हललंही नाही. नटमंडळी विंगेत कुजबुजायला लागली की इथं नाटक पडलं. माझा जीव टांगणीला लागला.

प्रयोगानंतर तरुण पोरांनी वहीत हिंदीत लिहिलं, 'समझ में थोड़ा कम आया, पर गाना बहुत बढ़िया.' मग गुरुजी टेबलापाशी आले. नवं पान उलटून उभ्याउभ्याच काही लिहिलं आणि कुणाशी न बोलता पायऱ्या उतरून गेले. मी धावत जाऊन वाचलं. 'तिसऱ्या चरणात श्वास मध्येच तोडलास. घरी असं शिकवलं नव्हतं. रोज दहा वेळा म्हण.'

माझं डोकंच फिरलं. पंचवीस वर्षांनी बहीण दिसली आणि या माणसाला तिचा श्वास मोजावासा वाटला! हे वाचून ती कशाला घरी जाते? मी इकडेतिकडे पाहिलं आणि ते पान फाडून खिशात घातलं. खरं सांगायचं तर मंडळाची अब्रूही मनात होतीच. पुढच्या गावी लोकांनी काशीचा असला शेरा वाचावा, हे मला नको होतं.

रंगपटात ताई खोबरेल तेलानं रंग पुसत होत्या. अर्धा चेहरा तसाच ठेवून त्यांनी वही घेतली आणि एकेक पान उलटून दादाचं अक्षर शोधलं.

"दिसला मला तो. लिहिलं नाही काही?"

"घाईत होते," मी म्हणालो. "पण मला म्हणाले, उत्तम झालं."

"उत्तम म्हणाला?"

"हो ना. दोनदा म्हणाले."

मला वाटलं, आता त्या खुलतील. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली आणि उरलेला चेहरा पुसायला घेतला. रात्री मीच त्यांना स्टेशनवर पोचवलं. वाटेत म्हटलंसुद्धा, "थांबा की एक दिवस." त्या म्हणाल्या, "नको. आता काय राहिलं?"

माझ्या आईचं माहेर रामघाटचं. दोन दिवसांनी मी तिला सगळं सांगितलं, थोडी शाबासकी मिळेल या आशेनं. ती पालेभाजी निवडत होती, तिचा हात थांबला.

"अरे, हे काय करून बसलास? गुरुजी ज्याला आपलं मानतात त्याचीच चूक काढतात. बाकी दुनियेला उत्तम, उत्तम म्हणून रवाना करतात. पूर्ण मोहल्ल्याला मालूम आहे, आणि ती तर त्याच घरची पोर." मग भाजी बाजूला सारून म्हणाली, "प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी पाठशाळेला छुट्टी दिली होती त्यांनी. दुपारपर्यंत दार उघडं ठेवून बसले होते."

तेव्हा वाटलेली लाज अजून गेलेली नाही. शहाणपणा करायला गेलो आणि दोन्हीकडून घर तोडून आलो. ताईंचा नंबर माझ्याकडे आहे. चारदा फोन हातात घेतला. 'ते पान माझ्याकडे आहे' एवढं एकच वाक्य बोलायचं, तेही तोंडातून निघत नाही. प्रत्यक्ष भेटीत सांगू, असं स्वतःला समजावत राहिलो.

महिनाभरानं गुरुजी भाजीच्या गल्लीत दिसले. मी वळून जाणार होतो, पण त्यांनीच हाक मारली.

"तिनं वाचलं का रे?"

तिथंच सांगता आलं असतं. मी म्हणालो, "हो, वाचलं."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मग आली नाही ते बरोबरच आहे," ते म्हणाले. "रागावली असेल. इतक्या वर्षांनी भेटलेल्या बहिणीला असं कुणी लिहितं का? माझंच चुकलं."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि त्यांना घरापर्यंत पोचवून दिलं.