ओट्याची उंची

घर ठेक्यानं द्यायचं की स्वतः उभं राहून बांधून घ्यायचं, हा प्रश्न आमच्याकडे जवळजवळ वर्षभर रोज जेवायला बसत असे. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी कॉलेजात इतिहास शिकवत होतो, कोल्हापुरात राजारामपुरीत दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहत होतो, आणि कागलच्या रस्त्याला शहर संपतं तिथं एक प्लॉट घेऊन ठेवला होता. मी ठेक्याच्या बाजूचा, बायको स्वतः बांधायच्या बाजूची. ती आता नाही. दिवाळीच्या आधी गेली. त्यामुळे तिची बाजूही मलाच मांडावी लागते आहे, आणि ती मी नीट मांडली असं तिनं कधीच कबूल केलं नसतं.

तिची बाजू एका लाकडी पाटावर उभी होती. ती बुटकी होती, आणि आम्हाला मिळाली ती सगळी भाड्याची घरं जणू उंच बायकांसाठीच बांधलेली. ओट्यापुढं पाट ठेवून, त्यावर चढून ती भाकऱ्या थापायची. घर बदललं की टेम्पोत पहिला चढायचा तो पाट. एकदा तो घसरला आणि ती पिठाच्या परातीसकट खाली आली. नव्या घराकडून तिला फार काही नको होतं. जमिनीवर पाय टेकून भाकरी करता यावी, एवढंच.

माझ्या आग्रहावरून एक ठेकेदार चहाला आला. हसतमुख माणूस.

"वैनी, तुमी कायबी टेन्शन घिऊ नका. डायरेक्ट चावी हातात दितो."

"ओटा किती उंच करणार?" तिनं विचारलं.

"स्टँडर्ड."

"कुणाच्या मापानं?"

"सगळ्यांच्याच की."

"म्हंजे माझ्या न्हाय."

ठेकेदारानं माझ्याकडे पाहिलं. मी बशीकडे. मग तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "त्याचं काय हाय वैनी, उद्या घर विकायची येळ आली तर बुटका ओटा बघून गिऱ्हाईक माघारी जातंय."

तो गेल्यावर ती म्हणाली, "अजून पाया खांदला न्हाय आन हा घर विकून मोकळा!"

मी माझी अडचण सांगितली. मला भाजीवालीनं नासका टोमॅटो दिला तरी तिला बोलता येत नाही, मी गवंड्यांवर काय ओरडणार?

"तुमास्नी वरडाया येत न्हाय हे मला नवं हाय व्हय?" ती म्हणाली. मग थोडा विचार करून तिनं तोडगा काढला. कसंही बांधलं तरी आधी पाण्याचा हौद लागणारच. तो मी उभं राहून बांधून घ्यायचा. जमलं, तर घर आपण बांधायचं. नाही जमलं, तर चावीवाल्याला बोलवायचं.

"मी नापास होणार," मी तिला तिथंच सांगून टाकलं.

"व्हा की," ती म्हणाली.

सुट्टी बघून मी गवंडी ठरवला आणि सकाळी एक जाडजूड पुस्तक घेऊन प्लॉटवर गेलो. रस्त्याकडेला विटांचा ढीग होता, त्यावर बसून वाचायला लागलो. नापास व्हायला याहून सोयीची जागा नव्हती. पण दोन पानं झाली नसतील तोवर किटल्या लावलेली मोटारसायकल थांबली. दूधवाला होता.

"पावणं, काय चाललंय?"

"हौद."

"कोन बांधतंय?"

"मी."

त्यानं पुस्तकाकडे पाहिलं, माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. "व्हय, दिसतंय की," म्हणाला. मग गाडी स्टँडला लावून गवंड्याकडे वळला. "अरं ए, त्यो कोपरा बघ की! म्हस वळवायला जागा ठेवलीस व्हय?"

आवाज ऐकून समोरच्या घरातून एक रिटायर झालेले एसटी ड्रायव्हर बनियनवर बाहेर आले. येताना स्वतःची खुर्ची घेऊन आले, म्हणजे मुक्काम लांबणार हे उघड होतं. कोपरा बरोबर आहे, भिंत चुकली आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. दूधवाल्याला ते पटलं नाही. दुपारपर्यंत दोघांचं एकमेकांशी पटेना आणि गवंड्याचं दोघांशीही.

शेवटी गवंडी थापी घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. "सर, मालक तुमी का ती दोगं?"

"मीच. पण ते काय म्हणतात तेही बघा," मी म्हणालो. ओरडणं म्हणून मला एवढंच जमलं.

"ह्यांची तोंडं बंद हुतील असा हौद बांधतो बगा!" तो म्हणाला, आणि रागारागानं भिडला. दूधवाला रोज येत राहिला. ड्रायव्हरांची खुर्ची तर घरी जाईचना. हौद पुरा झाल्यावर पाणी भरलं, तेव्हा गवंड्यासकट तिघंही काठाशी बसून पाझर शोधत होते आणि एक थेंब सापडत नव्हता.

बायको आली, हौदाभोवती एक चक्कर मारली आणि माझ्याशेजारी विटांवर टेकली. "कोल्हापुरात रस्त्याकडंला बसलेल्या माणसाला कुणी नापास हू दितंय व्हय?" ती हळूच म्हणाली.

घर तसंच झालं. मी बसलो, ते भांडले, भिंती चढल्या.

ओट्याच्या दिवशी ती घरून परात घेऊन आली. रचलेल्या विटांवर ती ठेवून तिनं पीठ नसताना भाकरी थापून दाखवली. "अजून खाली," ती म्हणायची. गवंडी एक थर काढायचा. पुन्हा टाळ्या वाजल्यासारखी भाकरी. "अजून जरा."

"वैनी, लईच खाली व्हायला लागलं," खुर्चीवरून ड्रायव्हर म्हणाले. "सरांची कंबर मोडंल."

"सर कशाला येत्यात हितं?"

सगळे हसले. मीही हसलो. नव्या घरात पाट पहिल्यांदाच बसायच्या कामाला आला.

मुलगा पुण्याहून आला की म्हणतो, "बाबा, ओटा उंच करून घ्या, एका दिवसाचं काम आहे." मी बघू म्हणतो. वाकून दोन दिवस कंबर धरली, तेव्हा ओट्यापुढं स्टूल घेतलं. आता वाचायच्या टेबलाशी बसावं तसा बसून मी भाकरी थापतो. उंची अगदी बरोबर येते.

परवा खिडकीशी मोटारसायकल थांबली. दूधवाल्याचे केस पिकलेत.

"सर, काय चाललंय?"

"भाकरी."

"कोन करतंय?"

"मी."

त्यानं माझ्या स्टुलाकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं. "व्हय, दिसतंय की," म्हणाला. मग गाडी स्टँडला लावली. किटली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि गजाला धरून म्हणाला, "पाणी जास्त झालंय. पीठ घ्या अजून. अजून जरा."

मी घेतलं. भाकरी काही फुगली नाही, पण ती तव्यावरून उतरेपर्यंत तो खिडकीतून हलला नाही.