रश्मीनं नाकारलेला धूर

सोमाजी कंडक्टरच्या रश्मीनं फौजेचं हेलिकॉप्टर पाडलं, ही बातमी ब्रह्मपुरीभर फिरायला अर्धा कप चहाही लागला नाही. देवरावच्या पानठेल्यावर तर त्याचा पंखा कोणाच्या धानाच्या बांधीत पडला, तेही ठरून गेलं होतं. पंखा जागेवर होता अन् हेलिकॉप्टरही शाबूत. मेला होता तो रश्मीच्या घरासमोरच्या गिरजाबाईचा मुलगा अश्वजित, पोलिसातला जवान.

रश्मी अजून दुय्यम वैमानिक. जंगलातल्या अडचणीच्या जागी उतरण्याची परीक्षा पास झाली की मुख्य वैमानिक होणार होती. एप्रिलात गडचिरोलीच्या जंगलात गस्तीवरचा एक जवान जखमी झाला, तेव्हा वरिष्ठ तिला म्हणाले, "आज जागा तू शोध." जखमी कोण, हे वायरलेसवर कोणी सांगत नाही.

खालचे जवान धूर करून आपली जागा दाखवतात. टेकडीमागं धूर दिसला. "तोच का?" वरिष्ठांनी विचारलं.

रश्मीनं लहानपणी मामाच्या गावी पोतंभर मोहफुलं वेचलेली. झाडाखालचा पाला जाळून जागा साफ केल्याशिवाय फुलं दिसत नाहीत, हे तिला पाठ. "नाही सर, मोहवाल्यांचा आहे."

वरिष्ठ केरळचे. इथल्या पोरीला इथलं कळणार, म्हणून त्यांनी तिचं ऐकलं. जवानांची खुणेच्या रंगीत धुराची नळकांडी मात्र संपली होती, म्हणून त्यांनी पालाच पेटवला होता. वीस मिनिटं नाल्याकाठानं भटकून रश्मी त्याच धुरावर परत आली. जखमीचा चेहरा तिनं पाहिला तो गडचिरोलीला उतरल्यावर, स्ट्रेचरवर. डॉक्टर एवढंच म्हणाले, "पंधरा मिनिटं आधी पाहिजे होता."

उड्डाण संपलं की सगळे एका खोलीत बसतात, अन् सर्वांत धाकट्यानं आपली चूक आधी सांगायची असते. तिनं सांगितली. परीक्षा सहा महिने पुढं गेली, प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून. पण त्या खोलीत गिरजाबाई नव्हती. रश्मी सुट्टी घेऊन ब्रह्मपुरीला आली ती तेवढ्यासाठी.

"काऊन सांगतं तिले?" सोमाजी कळवळला. "खरं काय झालं थे इथी कोणालेच माईत नाई."

"मले माईत आहे ना, बाबा."

गिरजाबाई तांदूळ निवडत होती. सगळं ऐकेपर्यंत तिचे हात थांबले नाहीत. मग म्हणाली, "जखमच मोठी होती, वाचलाच नसता, असं म्हणून दोन घास खात होती मी. थेही नेलं तू."

रश्मीला चप्पल घालायला दोनदा वाकावं लागलं. ती रस्ता ओलांडेपर्यंत मागून हंबरडा आला.

देवरावची जीभ चुन्यावाचूनही तिखट. त्यानं ठेल्यावरून हटकलंच, "काय मॅडम, सहा वर्षं सरकारनं काय शिकवलं तुमाले? त्या बाईले रडवून काय भेटलं?"

रश्मी थांबली.

"काई भेटाले नवती गेली, देवरावभाऊ. हेलिकॉप्टर पडलं नाई. मी चुकली, अन् अश्वजित मेला. आता गिऱ्हाइकाले हे सांगा."