मुरबाडच्या मशिनी हंगेरीत

धसईच्या बौद्धवाड्यातला केरू उबाळे आयटीआय करून मुरबाडच्या एमआयडीसीत लागला, तेव्हा त्या कारखान्यावर पुरते पत्रेही चढले नव्हते. शहाण्णव साल. मुंबईचे मालक आणि हंगेरीची एक कंपनी, दोघांनी भागीदारीत तो काढला होता. इंजेक्शनचं औषध भरतात त्या काचेच्या कुप्या तिथे व्हायच्या. तीन मशिनी हंगेरीहून आल्या आणि त्या बसवायला लास्लो नावाचा उंच, अबोल फिटर आला.

लास्लो वर्षभर राहिला. केरू आणि शेणव्याचा कोंडू, दोघांना त्याने हाताला धरून शिकवलं. इंग्रजी तिघांचंही मोडकंच. काच तापवणारी ज्योत निळी झाली की लास्लो मान डोलवायचा, पिवळी पडली की डोळे वटारायचा. तेवढ्यावर काम चालायचं. परत जाण्याआधी तो केरूकडे जेवायला आला. केरूच्या बायकोने, रत्नप्रभाने, केलेल्या तिखट सुकटीने त्याच्या डोळ्यांना धार लागली, तरी त्याने पुन्हा मागून घेतली.

पुढची वर्षं बरी गेली. केरू पर्मनंट झाला, मुलगी संध्या शाळेत जाऊ लागली. दोन हजार पाच साली बातमी आली, आपल्या मालकांनी हंगेरीची ती कंपनीच विकत घेतली. खात्याखात्यांत पेढे वाटले.

"आता गोरे आपले नोकर," कोंडू म्हणाला. सगळे हसले. केरूही हसला.

भातं कापायला यायच्या आत गेटवर नोटीस लागली. माल युरोपात खपवायचा तर तिथेच बनवणं सोयीचं, म्हणून मुरबाडचा कारखाना बंद आणि मशिनी हंगेरीला. दुसऱ्या दिवसापासून कामगार गेटवर बसले. मशिनी हलू द्यायच्या नाहीत एवढंच ठरलं होतं. त्यापुढचं कुणालाच सुचत नव्हतं.

मग मॅनेजरने केरूला एकट्याला बोलावलं. "मशिनी खोलून तिकडे उभ्या करायला माणूस हवाय. तीन महिने जायचं. नीट झालं तर तुझं पुढे बघू."

घरी रत्नप्रभाने ऐकून घेतलं. "नका जाव. या लोकांतच राहायचंय आपल्याला."

"लास्लो हाय तिथं. त्याला सांगीन, एक मशीन तरी मुरबाडला ऱ्हाऊ दे. तो फार जुना माणूस. त्याचं ऐकतील."

"आन् नाय ऐकलं तर?"

दुसरा रस्ता केरूला दिसतच नव्हता.

पोलिसांनी गेट मोकळं केलं त्या दिवशी केरू कंपनीच्या जीपमध्ये होता. मागून मशिनींसाठी रिकामा ट्रेलर येत होता. कोंडू रस्त्यावर आडवा पडलेला. दोघा हवालदारांनी त्याला हातापायांना धरून उचललं, तेव्हा त्याला जीपमधला केरू दिसला.

"केरू, तू रे?"

तो एवढंच म्हणाला. केरूने काच वर केली.

हंगेरीत पोचल्या पोचल्या केरूने लास्लोची चौकशी केली. जो तो नाव ऐकून मान फिरवायचा. कँटीनमध्ये केरू बसला की टेबलावरचे बाकीचे ताटं उचलून दुसरीकडे जायचे. त्याला वाटलं, आपल्या रंगामुळे असेल.

शेवटी लास्लोच एका संध्याकाळी गेटवर आला. केस पांढरे झालेले. केरूने धावत जाऊन त्याचे दोन्ही हात धरले आणि मुरबाडचं सगळं भराभर सांगायला लागला. लास्लोने त्याला थांबवलं.

"मी इथे नाही आता," तो तुटक इंग्रजीत म्हणाला. "तुमच्या मालकांनी कंपनी घेतली. अर्धी माणसं काढली. मीही त्यात."

"मंग मी कोनाला सांगू?" केरूच्या तोंडून मराठीच निघालं.

लास्लोला ते कळलं नसावं. तो केरूच्या उघड्या हातांकडे बघत राहिला, मग आपले लोकरी हातमोजे काढून त्याने केरूला दिले आणि बर्फातून निघून गेला.

केरू आत आला. तिन्ही मशिनी त्याने उभ्या केल्या, कारण दुसरं काय करावं ते त्याला कळेना. ज्योती निळ्या पेटल्या तेव्हा साहेबांनी टाळ्या वाजवल्या. केरू संडासात जाऊन नळ सोडून रडला.

परत आल्यावर मॅनेजर भेटला तो मुंबईच्या ऑफिसात. इथे आता कंपनीचं कामच उरलेलं नाही, असं म्हणून त्याने चहा मागवला. केरू चहा न पिताच उठला.

तिथून तो घरी न जाता शेणव्याला गेला. कोंडू ओटीवर दोर वळत बसलेला लांबूनच दिसला. केरू अंगणाशी पोचेपर्यंत तो उठून आत गेला. त्याची बायको गिरजा दारात आली.

"ते घरात नायत, भावोजी."

"वैनी, मी लास्लोला सांगाया गेलतो गो. मशीन ऱ्हावी म्हनून."

गिरजा खाली मान घालून ऐकत होती. "असंल," ती म्हणाली. "पन तुमी आता येव नका."

केरू आता धसईच्या बाजारात भाजीच्या गोण्या टेम्पोत चढवतो. मुरबाडची एसटी समोरच थांबते. कंडक्टर ओळखीचा आहे, हाक मारतो. केरू गोणी पाठीवर घेऊन दुसरीकडे वळतो.