बॉनेटच्या आत लिहिलेलं खोटं

यशवंत मिस्त्री. आयुष्यात मी ज्यांचं सगळ्यात जास्त देणं लागतो, त्यांचं हे नाव. आईवडिलांच्या आधी ते लिहिताना माझा हात अडखळला नाही. आईवडिलांनी जन्म दिला, पोटाला चिमटा घेऊन वाढवलं — पण पालेगावातल्या आमच्या घरातला मुलगा इंजिनिअर होऊ शकतो, हे त्या घरात कुणाच्या मनातच आलं नव्हतं. ते यशवंतकाकांच्या मनात आलं. आणि त्याच माणसाशी मी जे केलं, ते मी कितीतरी वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. बाबांना नाही, बायकोला नाही. आज तुम्हाला सांगतोय.

उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये, जीन्स शिवणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी काकांचं गॅरेज होतं. बारावीच्या सुट्टीत मी तिथे कामाला लागलो आणि कॉलेजची चारही वर्षं दुपारी तिथेच जात राहिलो. अ‍ॅडमिशनच्या दिवशी बाबा बिचकले — साहेब लोक काही विचारतील, आपल्याला सांगता येणार नाही म्हणून ते गेटबाहेरच थांबले. काका अंगातला तेलकट शर्ट बदलून माझ्याबरोबर आत आले होते. पुढे कॉलेजातून परतलो की हातात पाना देण्याआधी ते विचारायचे, "काय शिकवलं आज? मला सांग. मला कळलं तर तुला कळलं." सातवी शिकलेला माणूस. माझे कितीतरी धडे त्यांना समजावताना मला समजले.

पण मला सांगायचं आहे ते एका गाडीच्या नाकाबद्दल.

नाक हा काकांचा शब्द. इंजिन हवा ओढतं ती ज्या पाइपाच्या तोंडातून, त्याला ते नाक म्हणायचे. कंपनीतून आलेल्या गाडीचं नाक वर, बॉनेटखाली असतं. पण हौशी लोक एक जास्तीचा पाइप बसवून घेतात. त्याने फिल्टर खाली बंपरच्या मागे जातो, तिथे थंड हवा मिळते आणि गाडी जरा जोरात पळते. आठ महिने ठीक. पावसाळ्यात मात्र रस्त्यावर गुडघ्याएवढं पाणी आलं की ते नाक पहिलं बुडतं. मग इंजिन हवेबरोबर पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आतला दांडा वाकतो, कधी इंजिन फोडून बाहेर येतो.

म्हणून मे संपता संपता काका अशा सगळ्या गाड्या बोलावून घ्यायचे. खालचा पाइप काढायचा, फिल्टर वर हेडलाइटच्या मागे, वाकून पाहिल्याशिवाय दिसणार नाही अशा खोबणीत घ्यायचा, उडणारं पाणी लागू नये म्हणून त्याला कापडी टोपडं घालायचं आणि वरून प्लास्टिकचं झाकण, तोंड मागच्या बाजूला करून. दसरा झाला की पुन्हा खाली. गिऱ्हाइकं कुरकुरायची. काका म्हणायचे, "वर्षभर स्वतः नाक वर करून फिरतात. गाडीचं चार महिने वर करा म्हटलं की नाक मुरडतात." सोबत ताकीदही असायची — नाक वर असलं तरी पाणी अर्ध्या चाकाच्या वर दिसलं तर परत फिरा, आणि पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल मारून चालू करायला जाऊ नका, उतरा आणि ढकला.

काम झालं की बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूने दोन अक्षरं लिहायची — 'ना. व.' म्हणजे नाक वर. ज्याने काम केलं त्याने, शेवटची पट्टी आवळल्यावरच लिहायचं. त्या आठवड्यात वीस-बावीस गाड्या असायच्या आणि करणारे आम्ही दोघंच. कुठली झाली, कुठली राहिली, हे त्या दोन अक्षरांवरून कळायचं. काका त्या अक्षरांवर इतका विश्वास ठेवायचे की पुन्हा खाली वाकून पाहायचे नाहीत. का पाहावं? लिहिणारे दोघंच होते ना.

आता त्या दुपारबद्दल सांगतो. मी जवळ येतोय आणि पुन्हा लांब जातोय, हे मला कळतंय.

माझा निकाल लागला होता. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली होती आणि त्या दिवशी चार वाजता कागदपत्रं घेऊन बोलावलं होतं. मी नवा पांढरा शर्ट घालून गॅरेजमध्ये आलो होतो. खरं सांगू? दाखवायला आलो होतो. काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "लांब उभा राहा रे साहेब, डाग लागेल." हसले. मग तीन वाजता ब्रेकचं सामान आणायला निघाले. जाता जाता स्कूटरवरूनच म्हणाले, "किशोरशेठच्या गाडीचं तेवढं नाक वर घे. झाकण-टोपडं त्याच्या डिकीतच आहे." पांढऱ्या शर्टाचं त्यांच्या ध्यानात राहिलं नसावं. किंवा राहिलं असेल, आणि जुना शर्ट खिळ्याला टांगलेला आहे, हा बदलून करेल, असं वाटलं असेल.

खिळ्याला जुना शर्ट होता. बदलायला एक मिनिट लागलं असतं.

त्या गाडीखाली ओल्या मातीत पाठीवर झोपावं लागणार होतं. हातांचं काळं निघायला रॉकेल आणि मग साबण, आणि तरी नखांत राहतंच. मला त्या दिवशी काळी नखं घेऊन त्या ऑफिसात बसायचं नव्हतं. उद्या सकाळी येऊन करतो, असं मी ठरवलं. इथपर्यंत आळस म्हणा, मिजास म्हणा. पण मग काका येऊन विचारतील, 'एवढं पण झालं नाही?' — ते ऐकायला नको म्हणून मी खडू घेतला आणि बॉनेटच्या आत लिहिलं, ना. व. सुबक लिहिलं. बोटांना लागलेला खडू झटकला आणि निघालो.

त्याच संध्याकाळी किशोरशेठ, काकांचं जुनं सिंधी गिऱ्हाईक, गाडी घेऊन गेले. काकांनी बॉनेट उघडलं, अक्षरं पाहिली आणि सांगितलं, नाक वर आहे, जा बिनधास्त. हे मला काकांनीच फोनवर सहज सांगितलं. मी 'बरं' म्हणालो.

चार दिवस मध्ये गेले. चार दिवस पाऊस नव्हता. एक फोन पुरला असता — काका, ती गाडी परत बोलवा. का नाही केला? त्या चार दिवसांत काका गल्लीभर पेढे वाटत होते. 'आमचा सुनील इंजिनिअर झाला.' ज्या तोंडाने ते हे सांगत होते, त्या तोंडासमोर मला खोटारडा ठरायचं नव्हतं. दुसरं काही कारण नाही. शोधलं, सापडलं नाही.

पाचव्या दिवशी वालधुनी भरली. किशोरशेठ बायकोला घेऊन घरी येत होते. रस्त्यावर पाणी दिसलं, पण मिस्त्रींनी नाक वर आहे म्हणून सांगितलेलं. गाडी मध्यावर बंद पडली. शेठ घाबरले, सेल मारला. दांडा इंजिन फोडून बाहेर आला. दोघंही दोन तास त्या गाडीत अडकून बसले, पाणी सीटपर्यंत चढत होतं. शेवटी समोरच्या कारखान्यातल्या कारागिरांनी दोर टाकून बाहेर काढलं. शेठाणी त्यानंतर किती तरी दिवस चारचाकीत बसल्या नाहीत.

रविवारी गाडी ओढून आणली. मी तिथे होतो. काकांनी बॉनेट उघडलं. आत पांढरी अक्षरं तशीच, ना. व. ते गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. किशोरशेठ खुर्चीवर बसून होते. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "साईं, आपने बोला था नाक ऊपर है. मैं तो आपके भरोसे पानी में गया."

काका बाहेर आले, हात पुसले आणि मला जरा बाजूला नेलं.

"सुनील, ही कोणी केली होती रे? मला वाटतंय, मी तुला सांगितलं होतं."

मी म्हणालो, "नाही काका. मी त्या दिवशी पांढऱ्या शर्टात नव्हतो का? तुम्ही म्हणालात, तू जा, मी करतो."

"असं म्हणालो मी?"

"हो."

पाहिलंत? पांढरा शर्ट खरा होता. खोट्याला मी खऱ्याचा टेकू दिला. एका क्षणात, न अडखळता. मला एवढं सफाईदार खोटं बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं.

काका पुन्हा बॉनेटखाली गेले आणि त्या दोन अक्षरांकडे पाहत राहिले. दोन अक्षरांत हस्ताक्षर ते काय ओळखणार? मग किशोरशेठसमोर जाऊन हात जोडले. "शेठ, माझ्याकडून राहिलं. काम न करताच लिहिलं मी." शेठ उठले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "उमर हो गई, साईं. होता है." मी चहाचे ग्लास गोळा करत होतो.

शेठनी सेल मारला म्हणून इंजिन गेलं, नाही तर वाचलं असतं — हे वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं मनात घोळवलं. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबरही असेल. पण मी इंजिनाबद्दल बोलतच नाहीये.

त्या दिवसापासून काकांचा स्वतःवरचा विश्वास गेला. आधी ते प्रत्येक काम तीन-तीनदा तपासू लागले. मग वही केली. मग वहीत लिहिलेलंही खरं का, म्हणून पुन्हा गाडीखाली जाऊ लागले — बरोबरच होतं त्यांचं, लिहिलेल्यावरून विश्वास त्यांचा मीच उडवला होता. ब्रेकच्या कामाला त्यांनी हात लावणं सोडलं, 'विसरलो तर माणूस मरेल' म्हणाले. दीड वर्षात गॅरेज बंद झालं. ते कात्रपमधल्या आपल्या घरात बसून राहू लागले. सुमनकाकू त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तिथे स्मरणशक्ती तपासण्यासाठी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. काका गणितात कधीच धड नव्हते. त्र्याण्णवच्या पुढे गेले नाहीत. गोळ्या सुरू झाल्या, गोळ्यांनी दिवसभर झापड. काकूंनी गॅस पेटवायला मनाई केली, एकट्याने बाहेर जायला मनाई केली.

वय झालं की विसर पडतोच, असंही मी स्वतःला सांगितलं. कदाचित त्यांना खरोखरच विसर पडत असेल आता. मला कसं कळणार? त्यांना तरी कसं कळणार? काय खरंच विसरलो आणि काय विसरलो असं दुसऱ्याने सांगितलं, हे वेगळं करायची सोयच मी ठेवली नाही.

अजून एक सांगायचं राहिलंय. कारखान्यात एकदा जेवताना मी हा किस्सा सांगितला. आमचे एक जुने मिस्त्री होते, काम न करताच खूण करून मोकळे व्हायचे, म्हणून कामाची नोंद तपासणं कसं महत्त्वाचं आहे वगैरे. लोकांनी माना डोलावल्या. मी डबा संपवला.

दर दिवाळीला मी मिठाई घेऊन कात्रपला जातो. काका शेजाऱ्यांना बोलावून सांगतात, हा आमचा इंजिनिअर. अशी सात वर्षं गेली.

यंदा मला मुलगी झाली. सव्वा महिन्याची झाल्यावर आम्ही तिला घेऊन काकांकडे गेलो. बायकोने ती त्यांच्या मांडीवर ठेवायला पुढे केली. काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको गं पोरी," ते म्हणाले. "मी विसरतो. कुठे तरी ठेवीन आणि विसरेन." काकू सवयीने म्हणाल्या, "हो, हल्ली त्यांच्याकडे काही देत नाही आम्ही." बायकोने मुलीला परत घेतलं. ज्या हातांनी मला इंजिन उघडायला शिकवलं, ते हात तो माणूस पाठीमागे धरून बसला होता आणि लांबूनच बाळाकडे पाहून हसत होता.

माझं घर त्यांच्या घरापासून रिक्षाने अर्ध्या तासावर आहे. तरी त्यांना सगळं खरं सांगणारं पत्र मी पोस्टाने पाठवलं. समोर बसलो असतो तर त्यांनी आधी चहा मागवला असता, माझी चौकशी केली असती आणि मी पुन्हा गप्प बसून परत आलो असतो. मी माझ्या तोंडाला ओळखतो. शाळेत आम्हाला पत्राच्या सुरुवातीला 'सा. न. वि. वि.' लिहायला शिकवलं होतं. त्यातली विनंती मी गाळली. खाली पत्र आहे, जसंच्या तसं.

ती. स्व. यशवंतकाका यांस,

सा. न.

किशोरशेठच्या गाडीचं नाक वर घ्यायला तुम्ही मला सांगितलं होतं. तुम्ही ब्रेकचं सामान आणायला निघालात, तेव्हा स्कूटरवरून सांगितलंत. मी ते काम केलं नाही. बॉनेटच्या आत अक्षरं मी लिहिली. शेठ गाडी घेऊन गेले, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं आणि मी चार दिवस बोललो नाही.

रविवारी तुम्ही मला विचारलंत, तेव्हा 'तू जा, मी करतो' असं तुम्ही म्हणालात, असं मी सांगितलं. तुम्ही तसं म्हणाला नव्हता. ते मी बनवलं.

काल मी किशोरशेठच्या दुकानात जाऊन त्यांना हेच सांगितलं. काकूंच्या नावाने वेगळं पत्र याच पाकिटात आहे. डॉक्टरांना दाखवता येईल, असं लिहिलं आहे.

त्या दुपारचं तुम्हाला जे आठवत होतं, ते बरोबर होतं. तुम्ही काहीही विसरला नव्हता.

सुनील