मांडीवरचा ओकेनाइट

बाबांनी पालीजवळच्या खाणीत आयुष्यभर जांभ्याचे चिरे काढले. त्या चिऱ्यांची घरं गावोगाव उभी राहिली. आमचं मात्र कुडाचं (काठ्या विणून मातीनं लिंपलेलं) होतं. पावसाळ्यात खाण बंद, मग आई दुसऱ्यांच्या शेतात लावणीला. त्या घरातली मी पहिली पदवीधर, तीही भूशास्त्राची.

एम.एस्सी.च्या प्रबंधाला स्वतः शोधलेला नमुना हवा होता. पोफळीजवळच्या एका वाडीत विहीर खणताना 'कापसाचा दगड' निघाल्याचं कळलं आणि माझा जीव एका जागी राहीना. पहाटेची एसटी धरली. "दगडाचं काम आहे तर मी येतोच," म्हणत बाबाही निघाले. चिपळूण मागे पडलं, डोंगराचा काळा कातळ दिसू लागला. मी दर वळणाला उठून बघत होते.

"बस की गो," बाबा म्हणाले, "डोंगर कुठं पळत नाय."

विहीर ज्यांची, त्या काकींनी देव्हाऱ्यातून दगड आणला. नव्या विहिरीत काही वेगळं निघालं की या घरात ते धुऊन पुजतात. काकींनी तो काथ्यानं घासून वर हळदकुंकू वाहिलं होतं. दगड ओकेनाइटच होता, पण त्यावरचे पांढरे तंतू पार चपटे झाले होते. ओकेनाइट हे पाणी धरून असलेलं कॅल्शियम सिलिकेट. लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत गरम पाणी झिरपून केसांसारख्या सुयांचे पांढरे गोंडे तयार होतात. नुसतं बोट लागलं तरी ते चपटे होतात.

"न धुता देवाला कसा ठेवायचा, बाय?" काकी म्हणाल्या. "आणि याचा उपयोग काय?"

"याचा फारसा नाही. पण सिमेंट घट्ट होतं ते याच्याच जातीच्या पदार्थामुळे. याचा एक भाऊबंद टाइल्समध्ये घालतात."

"म्हणजे भाऊबंद कामाचे आणि हा नुसता देखणा. आमच्या धाकट्या दिरासारखा."

विहिरीतून उपसलेल्या दगडांचा ढीग त्याच दुपारी रस्त्याच्या भरावाला जाणार होता. काकींनी कुळथाची पिठी (पातळ पिठलं) आणि भाकरी वाढली. ढिगात आणखी एखादा सापडेल म्हणून मी अर्ध्यावर उठले. बाबा दगड उलटत होते. "आमचा जांभा बरा, टिकावाचं ऐकतो. हा हट्टी."

ट्रॅक्टर आला, ट्रॉली भरू लागली. ढीग निम्मा झाला तेव्हा बाबांनी उलटलेल्या एका दगडाच्या खोबणीत मला पांढरं दिसलं. माती पुसायला बाबांनी खांद्यावरचा टॉवेल घेतला. मी त्यांचं मनगट धरलं.

"हात लावू नका."

या आवाजात मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते मागे सरले. आत दोन गोंडे होते, अगदी शाबूत. काकींनी त्यांवर पितळी वाटी उपडी घालून फडक्यानं बांधून दिली.

परतीच्या एसटीत दगड बाबांच्या मांडीवर होता. खड्डा आला की ते तो दोन्ही हातांनी अधांतरी उचलून धरत. कंडक्टरनं विचारलं, "देव आहे काय?"

"मुलीचा अभ्यास आहे," बाबा म्हणाले.

ज्या हातांनी जन्मभर दगड फोडले, त्यांनी हा एक दगड न दुखवता घरी आणला. आज तो आमच्या विभागाच्या काचेच्या कपाटात आहे. मी एम.एस्सी. झाले.